क्लोराईडची वही आणि फादर दिब्रिटो

वसईच्या पश्चिम पट्ट्यात जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो वाळूतून आणि मातीतून खाली झिरपतो आणि वजनाने हलका असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर साठून राहतो, दुधावर साय धरावी तसा. गायबेन या डच आणि हर्झबर्ग या जर्मन अभ्यासकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचं गणित मांडलं. विहिरीच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकू शकतं. वरची पातळी एका मीटरने उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर चढायला मोकळं होतं. पंप लावणाऱ्याला वाटतं, आपण हातभरच पाणी काढलं.

माझी सगळी नोकरी या गणिताच्या आसपास गेली. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. माहेर निर्मळच्या बाजूचं, सासर आगाशीकडचं, दोन्ही घरं वाडीवाली. नालासोपाऱ्याहून दादर आणि दादरहून ठाणं अशी गाडी बदलत जायचं आणि दिवसभर बाटल्यांतलं पाणी तपासायचं. आणि त्या बाटल्यांच्या कामामुळेच मला फादर फ्रान्सिस दिब्रिटो कोण होते ते कळलं, असं मी म्हणते.

२५ जुलै २०२४ ला फादर गेले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहून आलं. ‘सुबोध बायबल’चे कर्ते, साहित्य अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी, उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, संतसाहित्यावर प्रेम करणारे धर्मगुरू. सगळं खरं आहे. पण बहुतेक लेखांत शेवटाकडे एक वाक्य यायचं, की त्यांनी ‘हरित वसई’च्या माध्यमातून पर्यावरणासाठीही काम केलं. त्या ‘साठीही’ने मला अस्वस्थ केलं. आमच्या पट्ट्यातल्या माणसाच्या लेखी ते काम कोपऱ्यातलं नव्हतं. ते काम झालं नसतं, तर मी ज्या विहिरींचं पाणी तपासत आले त्यांतल्या कित्येक आज जागेवरही नसत्या. म्हणून मला लिहायचं आहे ते पाण्याबद्दल.

आधी माझं काम कसं चालायचं ते सांगते. पाण्यात मीठ किती, हे चाखून कळतं तसं मोजूनही कळतं. नमुन्यातलं ठरावीक पाणी चंबूत घ्यायचं, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं होतं. मग वर लावलेल्या ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं आणि दुसऱ्या हाताने चंबू हलवत राहायचं. पाण्यातला क्लोराईड संपला, की पुढच्या थेंबाला पिवळा रंग विटकरी होतो. त्या क्षणी थांबायचं, ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. जितकं द्रावण जास्त लागलं, तितकं मीठ जास्त. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराईड चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर १०००पर्यंत. सिल्व्हर नायट्रेट उन्हात खराब होतं, म्हणून तपकिरी बाटलीत ठेवतात; आणि ते बोटांना लागलं, की उजेडात डाग काळा पडतो, तो धुऊन जात नाही. लग्नकार्यातही माझी बोटं काळीच असायची.

बाटली भरणं हेसुद्धा शास्त्र आहे. त्याच विहिरीच्या पाण्याने ती आधी विसळायची, तळाचा गाळ ढवळू द्यायचा नाही, आणि चिठ्ठीवर गाव, विहीर, तारीख लिहायची. किनाऱ्याच्या गावांत मी त्यात आणखी एक भर घालायला सांगायचे: उधाण होतं की भांग, म्हणजे भरती मोठी होती की लहान. खाडीलगतच्या विहिरींत तोही फरक दिसतो. कचेरीच्या छापील नमुन्यात हा रकाना नव्हता. मी माझ्या वहीत तो आखून घेतला. गावाकडची माणसं रविवारी घरी बाटल्या आणून द्यायची, “बाय, जरा तपासून दे गं,” म्हणायची. वरिष्ठांची परवानगी काढून मी तेही नमुने सोमवारी सोबत न्यायचे. सरकारी नोंदवहीत जायचे ते नमुने वेगळे आणि माझ्या वहीत उतरायचे ते वेगळे. त्या वहीला घरात सगळे ‘क्लोराईडची वही’ म्हणत.

सासऱ्यांचा पानवेलीचा मळा होता, कडेने केळी. त्यांना वहीची गरज नव्हती. केळीच्या पानाची कड करपल्यासारखी तांबूस झाली, की ते म्हणायचे पाणी बिघडलं. माझा आकडा त्यांच्या मागून यायचा आणि त्यांचंच म्हणणं खरं करायचा. त्यांच्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. रहाटाची गोष्ट ते नेहमी सांगत आणि मला ती कुठल्याही अहवालापेक्षा शास्त्रशुद्ध वाटते: बैल थकले की रहाट थांबायचा, रहाट थांबला की विहीर विसावा घ्यायची आणि रात्रीत भरून यायची. उपशाला बैलाच्या दमाची मर्यादा होती. पंप आले आणि ती मर्यादा गेली. तरीही वाडीला लागतं त्याहून अधिक पाणी शेतकरी काढत नाही, कारण काढून करणार काय? टँकर आले तेव्हा त्याचं उत्तर मिळालं.

ऐंशीच्या दशकात मुंबईत घर न परवडणारी माणसं वसई रोड, नालासोपारा, विरारला उतरू लागली. स्टेशनांभोवती इमारती उठल्या. इमारत आधी, नळ नंतर, असा तो क्रम होता. बऱ्याच ठिकाणी नळ कैक वर्षांनी. मग पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींवर मोटारी बसल्या आणि टँकर भरू लागले. एकेका विहिरीवर दिवसरात्र रांग लागायची. ज्याची विहीर त्याला रोख पैसा मिळायचा, शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी मात्र आपोआप खाली जायचं, कारण जमिनीखाली बांध नसतात. माझ्या वहीत हे स्पष्ट उमटत होतं. टँकरच्या विहिरीपेक्षा तिच्या आणि खाडीच्या मधल्या विहिरींचे आकडे आधी चढत होते. अडीचशेची रेषा ओलांडून ते पुढे चालले होते.

आणि मी काय करत होते? अहवालावर ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहून सही करत होते. अहवाल टपालाने जायचा, फायलीला लागायचा. त्यात खोटं काही नव्हतं, लपवलेलंही काही नव्हतं. पण तो वाचून कुणी उठून उभं राहावं, अशी त्यात सोयच नव्हती.

ती सोय फादर दिब्रिटोंनी केली, आणि त्यांच्यासोबत वसईतल्या असंख्य शिक्षकांनी, वाडीवाल्यांनी, बायकांनी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकारने वसईचा हिरवा पट्टा शहरीकरणाला मोकळा करायचं ठरवलं आणि पुढे १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं. त्या काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. १९८३ ते २००७ अशी जवळजवळ पंचवीस वर्षं त्यांनी ते मासिक चालवलं. समितीत ख्रिस्ती होते, वाडवळ होते, सामवेदी, आगरी, भंडारी, कोळी होते. वसईच्या समाजांची आपापसांत जुनी अंतरं आहेत. लग्नं वेगळी, बोली वेगळ्या, सण वेगळे. विहीर मात्र सगळ्यांची एकाच पाण्याला जोडलेली. हे त्यांनी ओळखलं होतं, असं मला त्यांच्या सभा ऐकताना वाटायचं.

माझी त्यांच्याशी ओळख नव्हती. समोरासमोर आले तर मी हात जोडायचे, तेही जोडायचे, एवढंच. सरकारी नोकर असल्यामुळे मोर्चात चालणं मला शक्य नव्हतं. पण गावच्या सभेला मागे बसायला कुणाची हरकत नव्हती, तशी मी बसायचे. अंगात साधा झब्बा, आवाज शांत. ते ओरडून बोलल्याचं मला आठवत नाही. बायबलमधला दाखला यायचा, त्यापाठोपाठ तुकोबा किंवा ज्ञानेश्वर यायचे, आणि मग विषय विहिरीवर यायचा. समोर बसलेल्या म्हातारीला कळेल अशा भाषेत ते टँकर, उपसा, खारेपणा, आराखडा, हरकतीची मुदत हे सगळं समजावून द्यायचे. माझ्या अहवालातला कोरडा मजकूर ते माणसाच्या तोंडी बसवत होते. विकास आराखडा म्हणजे काय, हे मी पदवीधर असून मला त्या सभांत कळलं.

त्यांच्यामुळे आमच्या पट्ट्यातल्या बायका हरकतीचे अर्ज भरायला शिकल्या. मी हे सहज लिहून गेले, पण थांबून सांगायला हवं. ज्या घरात सातबारा पुरुषांच्या कपाटात बंद असायचा, त्या घरातली बाई गट नंबर विचारून घेऊ लागली, कारण अर्जावर तो लिहायचा होता. आराखड्यात आपल्या वाडीवरून रस्ता जातोय की नाही, बावखलावर, म्हणजे गावच्या तळ्यावर, कुठलं आरक्षण पडलंय, हे नकाशावर बोट ठेवून बघू लागली. सिडकोच्या आराखड्यावर वसईतून हजारो हरकती गेल्या. तो आराखडा मंजूर व्हायला २००७ साल उजाडलं. पुढे २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या नव्या प्रारूप आराखड्यात हिरवा पट्टा पुन्हा धोक्यात आला, तेव्हा पुन्हा हजारो हरकती. दुसऱ्या वेळी त्या भरायला पहिल्या वेळच्या बायकांच्या सुना होत्या. त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मोर्चे, तहसीलदार कचेरीवरची धरणी, टँकर अडवणं, त्यावरून झालेले वाद, फादरांना आलेल्या धमक्या, हे सगळं वसईकरांना माहीत आहे आणि त्यावर लिहिणारे माझ्याहून जाणकार आहेत. त्यांचं आत्मचरित्र ‘नाही मी एकला’ आहेच. मला वेगळी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वर्षांत वसईत भीती होती. जमिनीचे भाव वाढले की जी भीती येते ती. संध्याकाळनंतर कुणाचं नाव घेऊन बोलायचं नाही, असे दिवस होते. पाण्याचा नमुना आणून देणारा माणूसही इकडेतिकडे बघून बाटली द्यायचा. या भीतीवर फादर बोलले आणि लिहीत राहिले. पर्यावरणाच्या पुस्तकात भीतीचा धडा नसतो. पण भ्यालेल्या गावातलं तळं आधी बुजतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाणी वाचवायचं तर आधी माणसाला बोलतं करावं लागतं, आणि हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

त्यांच्यावर टीकाही व्हायची. धर्मगुरूने देऊळ-चर्च सांभाळावं, आराखड्यात कशाला पडावं, असं ख्रिस्ती माणसंही म्हणायची. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं आणि पृथ्वीची, पाण्याची काळजी हा श्रद्धेचाच भाग आहे असं जगभरच्या कॅथलिकांना सांगितलं. ते वाचल्यावर मला वाटलं, आमच्या नंदाखालच्या या माणसाने हे पंचवीस वर्षं आधी करून दाखवलं होतं, आणि तेव्हा त्याच्या पाठीशी असं कुठलं परिपत्रक नव्हतं.

दुसरी टीका मला अधिक गंभीर वाटते आणि तिचं उत्तर देणं माझं काम आहे असं मी मानते. हिरव्या पट्ट्यातली माणसं स्वतःची वाडी आणि स्वतःचं पाणी सांभाळू पाहतात, नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्याने काय करायचं? टँकरचं पाणी विकत घेणारी बाई काही चैनीसाठी घेत नव्हती. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती आणि त्यातली बहुतेक माणसं रोजच्या लोकलने मुंबईला जाऊन पोट भरणारी. ती शत्रू नव्हेत. माझ्या प्रयोगशाळेत टँकरच्या पाण्याचेही नमुने यायचे, तेही त्या इमारतींतल्या रहिवाशांनी आणलेले, आणि त्यांतला क्लोराईड वाढलेला असायचा. म्हणजे विहीर खारी होत होती आणि तेच खारं पाणी रोख पैसे मोजून गरिबाच्या हंड्यात जात होतं. दोन्हीकडचं नुकसान एकाच उपशाने होत होतं. माणसं आणून वसवायची तर त्यांच्या नळाची तजवीज आधी करा, हे म्हणणं वाडीवाल्याइतकंच चाळीतल्या माणसाच्याही हिताचं होतं. ते तेव्हा ऐकलं गेलं असतं, तर दोन्ही घरचं भलं झालं असतं.

नळ आले तेही फुकट आले नाहीत. शहराची तहान पेल्हार आणि उसगावच्या धरणांनी भागेना, तेव्हा सूर्या नदीचं पाणी आलं. त्या नदीवरचं धामणीचं धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी, तिथल्या आदिवासींच्या कालव्यांसाठी बांधलेलं. त्यांच्या वाट्याचं पाणी शहरांकडे वळलं म्हणून तिथली माणसं आजही बोलतात. वसईच्या विहिरींवरचा भार हलका झाला, तो दुसऱ्याच्या शेतावर गेला. हे मी वसईच्या प्रत्येक पर्यावरणप्रेमी माणसाला सांगते. कित्येकांना ते आवडत नाही.

आता बावखलांकडे येते, कारण माझ्या मते फादरांच्या चळवळीचं खरं धन तिथे आहे. वसईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. बावखल म्हणजे वाडीतलं, गावातलं गोड्या पाण्याचं तळं. विहिरीपेक्षा पसरट, तलावापेक्षा लहान, कडेला माड, काठाला केवडा. पावसाळ्यात वाड्यांतून वाहणारं पाणी त्यात येतं, थांबतं आणि सावकाश मुरतं. मुरलेलं ते पाणी खालच्या खाऱ्याला दाबून धरतं. पंप आल्यावर बावखलांचा रोजचा उपयोग संपला, आणि वापरात नसलेली जागा मोकळी जागा समजली जाते. राडारोडा पडायला लागला, कुठे कचरा, कुठे बुजवून वर बांधकाम. माझ्या वहीत असं आहे की एकाच गावातल्या दोन विहिरी, समुद्रापासून अंतर सारखं, खोली जवळजवळ सारखी, पण एकीच्या शेजारचं बावखल जिवंत आणि दुसरीच्या शेजारचं बुजवलेलं. मे महिन्यात दोघींचे आकडे वेगळ्या जगातले असतात. हे मी नोकरीत असताना एका बैठकीत मांडलं. ऐकून घेतलं गेलं आणि पुढचा विषय सुरू झाला.

जुलै २०१८ मध्ये मात्र सगळ्यांना ते दिसलं. वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली राहिलं, नालासोपाऱ्याजवळ लांब पल्ल्याची गाडी अडकून प्रवाशांना होडीतून काढावं लागलं, मिठागरांत कामगार अडकले, वीज गेली. नंतर नीरी आणि आयआयटी या संस्थांकडे अभ्यास सोपवला गेला आणि त्यांच्या शिफारशींत पाणी धरून ठेवणारे धारण तलाव आले. धारण तलाव म्हणजे पाऊस आला की पाणी थांबायला दिलेली जागा. ती जागा आमच्या आजोबांनी गावोगाव खणून ठेवली होती. पूर आणि खारेपणा या दोन वेगळ्या आपत्ती वाटतात. जुलैमध्ये जे पाणी घरात शिरतं, तेच मुरलं असतं तर मे महिन्यात विहीर गोडी राहिली असती. हिरवा पट्टा राखा म्हणणाऱ्यांना विकासाचे विरोधक ठरवलं गेलं. मला विचाराल तर शहराचं पाणी मुरवण्याची व्यवस्था राखा, एवढंच ते सांगत होते.

३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं वगळा म्हणून मोठं आंदोलन झालं, २९ गावांचा प्रश्न वर्षानुवर्षं न्यायालयात राहिला. माझ्या मनात याबद्दल दोन्ही बाजूंचे विचार आहेत. ग्रामपंचायतीच्या हातात बावखल सुरक्षित राहतं असं माझी वही सांगत नाही. कित्येक बावखलं पंचायत असतानाच बुजली. पण पंचायतीच्या ग्रामसभेत उभं राहून विचारता येत होतं. महापालिकेत विचारायचं कुठे, हे आमच्या बायकांना पुन्हा नव्याने शिकावं लागलं.

फादर २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला संमेलनाध्यक्ष झाले तेव्हा काही लोकांनी त्यांच्या निवडीला विरोध केला होता. पाठीचं दुखणं घेऊन ते गेले. ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच बसत होता. आमच्याकडे वाडीवाड्यांत माणसं टीव्हीसमोर होती. माझ्या शेजारच्या आजी अर्जावर अंगठा द्यायच्या त्या पिढीतल्या. त्या म्हणाल्या, आपला माणूस. त्या हिंदू वाडवळ. त्यांना संमेलन म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ज्याने आपली विहीर राखायला आपल्याला उभं केलं तो माणूस मोठ्या जागी बसला, एवढं त्यांना ठाऊक होतं. मराठी साहित्याने त्यांचा सन्मान केला ते योग्यच झालं. त्यांच्या गद्याला लिहिणाऱ्यांनी दाद दिली आहे. मला त्या गद्याची एक गोष्ट कामाच्या दृष्टीने मोलाची वाटते: ‘सुवार्ता’त त्यांनी अवघड विषय सोपे केले, हलके केले नाहीत. शास्त्राच्या माणसाला हा फरक कळतो. आकडा सोपा करून सांगताना तो खोटा करण्याचा मोह फार असतो. चळवळीत तर जास्तच.

म्हणूनच मला वाटतं, सरकारी खुर्चीत बसून मोजणारा आणि रस्त्यावर उभा राहून मागणारा, ही दोन माणसं एकमेकांचे विरोधक समजली जातात ते चूक आहे. मी तीस-पस्तीस वर्षं मोजत राहिले. मोर्चा निघाला म्हणून माझा आकडा बदलला नाही आणि बदलायलाही नको होता. पण मोर्चा निघाला नसता तर तो आकडा माझ्याबरोबर निवृत्त झाला असता. नोकरीतल्या तरुण मुलींना मी हे सांगते. चळवळीतल्या माणसाने अहवाल मागितला की दचकू नका. नियमात बसतं तेवढं सगळं द्या, आणि समजावूनही द्या. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला; त्याआधी वसईत माणसं कचेऱ्यांच्या जिन्यावर दिवस दिवस बसून आराखड्याची प्रत मागत होती. कायद्याच्या आधी सवय लागली होती, ती अशी.

अंत्यविधीला नंदाखालच्या चर्चमध्ये मी गेले होते. भर पावसाळा, गुरुवार. सगळ्या जातिधर्मांची माणसं होती आणि त्यात बायका फार. परतताना रिक्षात माझ्याबरोबर दोन तरुण मुलं होती, गावोगावची बावखलं साफ करणाऱ्या गटातली. वसईत असे गट गेल्या काही वर्षांत तयार झाले आहेत. गाळ काढतात, काठ बांधतात, पुन्हा पाणी धरलं की गावाला बोलावतात. त्यांनी फादरांना लहानपणी चर्चमध्ये किंवा शाळेच्या व्यासपीठावर पाहिलेलं, मोर्चांत नव्हे. मोर्चे त्यांच्या जन्माआधीचे. त्यांनी मला विचारलं, बावखल साफ केल्याने विहीर खरंच गोडी होते का, की आपण आपलं समाधान करून घेतो?

हा प्रश्न मला फार आवडला. चळवळीतल्या माणसाने स्वतःच्या कामाबद्दल असा प्रश्न विचारणं सोपं नसतं. मी म्हटलं, मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि एका वर्षात तर नाहीच. वाळूच्या जमिनीत फरक लवकर दिसेल, खडक वर असेल तिथे उशिरा. साफ केलेल्या बावखलाभोवतीच्या विहिरी घ्या, आणि तुलनेला न साफ केलेल्याभोवतीच्याही घ्या. नाहीतर चांगला पाऊस झाला म्हणून विहीर गोडी झाली आणि श्रेय आपण घेतलं, असं होईल.

तेव्हापासून आम्ही ते करतो आहोत. क्लोराईडची वही आता त्यांच्याकडे असते. त्यांनी ती संगणकावर चढवली, जुनी पानं वाचताना माझं अक्षर लागलं नाही तिथे येऊन विचारून गेले. रविवारी मुलं बाटल्या घेऊन फिरतात, मी माझ्या ओटीवर ब्युरेट लावून बसते आणि दोघीतिघींना रंग ओळखायला शिकवते. विटकरी नेमका कधी झाला, यावर त्यांची आपसांत भांडणं होतात. होऊ देत, त्यातूनच डोळा बसतो. उधाण-भांगाचा रकाना त्यांनी कायम ठेवला आहे आणि नवा एक जोडला आहे: विहिरीच्या जवळचं बावखल कुणाच्या नावावर आहे. तो रकाना भरायला तलाठ्याकडे जावं लागतं, सातबारा बघावा लागतो. मुलं जातात. काही ठिकाणी उत्तर मिळतं, काही ठिकाणी पुन्हा या म्हणतात. पुढच्या मे महिन्यात निर्मळ, वाघोली आणि भुईगावच्या बाजूच्या विहिरी घ्यायच्या ठरल्या आहेत, आणि आकडे आले की ते गावात वाचून दाखवायचे, बायकांच्या सोयीची वेळ बघून, असंही ठरलं आहे.